बाटल्या झाकल्या, माणसे झाकायची राहिली: बर्बनच्या घरगुती ब्लाइंड टेस्टिंगचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण अमेरिकेतल्या केंटकी राज्यातील लुईव्हिल शहरात घडले. संबंधित सर्वांना विचारून ते लिहिले आहे. नावे आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत, पण घटनांचा क्रम आणि आकडे त्या वेळी ठेवलेल्या टिपणांतूनच घेतले आहेत.

आम्ही सात मराठी माणसे दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी कोणा एकाच्या घरी जेवायला जमतो. वयाने सर्वांत मोठे असलेले गृहस्थ निवृत्तीला आलेले अभियंते आहेत आणि त्यांना आम्ही सगळेच दादा म्हणतो. औषधनिर्माणशास्त्र शिकलेल्या आणि मद्याला अजिबात न शिवणाऱ्या एक जणी आहेत, त्या आमच्या ताई. उरलेल्यांत दोन दांपत्ये आणि मी. प्रत्येक जण महिन्याला वीस डॉलर काढतो. या पैशाला आम्ही भिशी म्हणत असलो तरी तो पाळीपाळीने वाटला जात नाही; शहरात नव्याने आलेल्या मराठी विद्यार्थ्यांना पहिल्या महिन्यात भांडी, रजया, थंडीचे कोट घेऊन देण्यासाठी आणि थोडाफार आमच्या शनिवारच्या खर्चासाठी तो वापरला जातो. पुढच्या सगळ्या गोष्टीची सुरुवात या भिशीपासून झाली.

केंटकीत राहून बर्बनशी, म्हणजे मुख्यतः मक्यापासून केलेल्या अमेरिकी व्हिस्कीशी, अजिबात संबंध येऊ नये, हे कठीण आहे. या राज्यात माणसांपेक्षा बर्बन मुरत ठेवलेली पिंपे अधिक आहेत. बर्बन म्हणजे काय हे अमेरिकेच्या कायद्याने बारकाईने ठरवून दिले आहे: धान्यात किमान ५१ टक्के मका हवा, ऊर्ध्वपातनानंतर मद्यार्काचे प्रमाण ८० टक्क्यांच्या वर जाता कामा नये, पिंपात भरताना ते ६२.५ टक्क्यांहून अधिक असू नये, पिंप ओकचे, कोरे आणि आतून जाळून काळे केलेले असावे, आणि बाटलीत भरताना पाण्याखेरीज दुसरे काहीही मिसळू नये. ४ मे १९६४ रोजी अमेरिकी काँग्रेसने ठराव करून बर्बन हे आपल्या देशाचे वैशिष्ट्यपूर्ण उत्पादन असल्याचे जाहीर केले. या नियमांचा एक परिणाम आपण सहसा ध्यानात घेत नाही. इतके सारे ठरलेले असल्यावर दोन चांगल्या बर्बनांत फरक पडायला जागा थोडीच उरते. मक्याखेरीज राय (गव्हासारखे एक धान्य) वापरली की गहू, यीस्ट कोणते, पिंप किती वर्षे मुरले, कोठारात वरच्या तापलेल्या मजल्यावर होते की खालच्या गार मजल्यावर, आणि बाटलीत भरताना पाणी किती घातले, एवढ्याच गोष्टींतून काय तो फरक येतो. तो असतो, पण बारीक असतो, आणि बारीक फरक ओळखायचा तर शांतपणा लागतो.

दादांकडे एका पिंपातून भरलेले, ज्याला इकडे सिंगल बॅरल म्हणतात, असे एक नावाजलेले बर्बन होते. त्या बाटलीचे नाव मी देणार नाही. एका पिंपाची चव दुसऱ्या पिंपाला येईलच असे नसते, त्यामुळे एका बाटलीवरून त्या उत्पादकाबद्दल मत करून घेणे न्यायाचे होणार नाही. मागणी फार आणि माल थोडा असल्यामुळे दुकानात ते उत्पादकाने सुचवलेल्या किमतीच्या दुपटीहून अधिक भावाने, म्हणजे १६० डॉलरना मिळत होते. भिशीतून अशा तीन बाटल्या घेऊन ठेवाव्यात, पुढे मिळणार नाहीत, असे दादांनी सुचवले. म्हणजे ४८० डॉलर. त्यावर आमच्यातल्या एका तरुण मित्राने सरळ म्हटले की वीस डॉलरच्या आतबाहेर मिळणाऱ्या 'बॉटल्ड इन बाँड'मध्ये आणि यात कोणालाही फरक कळणार नाही. बॉटल्ड इन बाँड हा शब्द १८९७ च्या कायद्यातला आहे. एका हंगामात एकाच ठिकाणी गाळलेले, सरकारी देखरेखीच्या कोठारात किमान चार वर्षे मुरलेले आणि बरोबर ५० टक्के मद्यार्क असलेले मद्यच हे लेबल लावू शकते. तेव्हा स्वस्त असले तरी ते हलके म्हणता येणार नाही. वाद वाढू लागल्यावर मी म्हणालो, "पुढच्या शनिवारी माझ्याकडे या. बाटल्या झाकून ठेवतो, चव घेऊनच ठरवू." हा प्रस्ताव माझा होता आणि पुढे जे झाले त्याची मुख्य जबाबदारीही माझीच आहे.

पहिली संध्याकाळ

सहा बाटल्या ठेवल्या: दादांचे सिंगल बॅरल, इव्हन विल्यम्सचे बॉटल्ड इन बाँड, वाइल्ड टर्की १०१, फोर रोझेस सिंगल बॅरल, बफेलो ट्रेस आणि मेकर्स मार्क. निवड विचारपूर्वक केली होती. मेकर्स मार्कमध्ये राय नसून गहू असतो, फोर रोझेसमध्ये रायचे प्रमाण बरेच असते, आणि मद्यार्क ४५ टक्क्यांपासून ५०.५ टक्क्यांपर्यंत होता. दुकानातून आणलेल्या खाकी पिशव्यांत प्रत्येक बाटली घालून गळ्याशी रबर बांधले, पिशव्यांवर एक ते सहा आकडे लिहिले, आणि ताई सोडून सर्वांनी, माझ्यासकट, चव घेऊन क्रम लावायचा असे ठरले. बाटल्या पिशव्यांत घालणारा मी, ओतणारा मी आणि चव घेणाराही मी.

तासाभरात सर्व बिघडले, आणि ते कोणत्या क्रमाने बिघडले हे पाहण्यासारखे आहे.

मेकर्स मार्कच्या मानेवरचे मेण पिशवीतूनही हाताला लागत होते, आणि ओतताना त्याची लाल कड दिसली. त्यावर एकीने नकळत नाव उच्चारले. दादांच्या बाटलीचा आकार वेगळा असल्याने पिशवी ज्या तऱ्हेने बसली होती त्यावरून ती कोणती हे निदान तिघांना कळले होते, असे मागाहून समजले. सर्वांनी एकाच क्रमाने चव घेतली, त्यामुळे सहाव्या पेल्यापर्यंत येताना जीभ बधिर झालेली होती. टेबलावर मिरचीची भजी आणि भडंग होते, स्वयंपाकघरात कोंबडीचा रस्सा उकळत होता आणि देवघरात नुकतीच उदबत्ती लावलेली होती. मिरचीतले कॅप्सेसिन तोंडातल्या ज्या संवेदकाला चेतवते त्यालाच मद्यार्कही चेतवतो, म्हणून भज्यामागून घेतलेले ५० टक्क्यांचे मद्य नुसते जाळते, त्याची चव कळत नाही. माप डोळ्यांनी ठरवले होते. नंतर हिशेब केला तेव्हा प्रत्येक पेल्यात सुमारे ३० मिलिलिटर पडले होते असे दिसले, म्हणजे सहा पेल्यांत प्रत्येकाच्या पोटात जवळपास ६८ ग्रॅम मद्यार्क गेला. अमेरिकेत १४ ग्रॅमला एक प्रमाण पेय धरतात. त्या हिशेबाने तासाभरात ही जवळपास पाच पेये झाली. एकानेही गाडी चालवली नाही, हे त्या संध्याकाळी घेतलेल्या निर्णयांपैकी ठीक झालेला एकमेव निर्णय होय.

पण याहून मोठी चूक निकाल जाहीर करताना झाली. मी सगळ्यांचे कागद गोळा केले आणि नावानिशी मोठ्याने वाचत गेलो. दादांनी स्वतःच्या बाटलीला पाचवा क्रमांक दिला होता आणि इव्हन विल्यम्सला पहिला. पिशवी काढल्यावर तरुण मित्र खळखळून हसला, दोन्ही बाटल्यांमध्ये उभ्या असलेल्या दादांचा फोटो काढला आणि आमच्या व्हॉट्सअॅपच्या गटावर टाकला. त्या गटात आमच्या मुलांपासून पुण्याच्या नातलगांपर्यंत बरीच मंडळी आहेत. दादा जेवायला थांबले, पानातले सगळे संपवले, नमस्कार करून घरी गेले, आणि पुढच्या महिन्यातल्या शनिवारी आले नाहीत.

अडचण नेमकी कुठे होती

सुरुवातीला आम्हाला वाटले की दादांना हरल्याचे वाईट वाटले आहे आणि काही दिवसांत ते विसरतील. तिसऱ्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा टाकला, इकडचे तिकडचे बोलणे झाले, आणि मग मी म्हणालो, "दादा, त्या दिवशीच्या फोटोबद्दल मला वाईट वाटतंय."

ते म्हणाले, "फोटोचं सोड रे. पाचवा नंबर मीच दिला, त्याचं मला काही नाही. पण तुम्ही चव बघायला बसला होतात ना? मग सगळे जण माझ्या तोंडाकडे कशाला बघत होतात?"

या वाक्यापाशी मला अडचणीचे खरे स्वरूप कळले. आम्ही बाटल्या कशाबशा झाकल्या, पण कोण काय म्हणाले हे उघडे ठेवले. ज्याने बाटली आणली त्याच्या जिभेची परीक्षा सगळ्यांसमोर होणार, हे बसल्याबसल्या प्रत्येकाला ठाऊक होते, आणि अशा वेळी माणूस चव घेत नाही, अंदाज बांधतो. दादांनी नंतर सांगितले की आपली बाटली कोणती हे त्यांनाही पिशवीवरून कळल्यासारखे वाटले होते, पण पक्षपाताचा आरोप नको म्हणून त्यांनी तिला मुद्दाम खाली ढकलले. म्हणजे ज्या पाचव्या क्रमांकावर सर्व हसले, तो चवीवरून दिलेलाच नव्हता. घरगुती टेस्टिंगविषयी मला जे काही सांगायचे आहे ते एवढेच आहे: पेल्यात काय आहे हे जसे लपवावे लागते, तसेच आणि तितक्याच काटेकोरपणे, कोणी काय लिहिले हेही लपवावे लागते.

विचारात घेतलेले पर्याय

ताई, मी आणि एक दांपत्य असे चौघे यावर बसून बोललो. पहिला पर्याय विषय तिथेच सोडण्याचा होता. भिशीने बाटल्या घ्यायच्या नाहीत आणि टेस्टिंगही पुन्हा करायचे नाही. तो सोपा होता, पण चुकीच्या रीतीने मिळालेला निकाल तसाच कायम राहिला असता आणि दादांचे त्या फोटोतले रूपही. दुसरा पर्याय बाटल्या अधिक चांगल्या झाकून तीच रीत परत करण्याचा होता. त्याने मेणाचा आणि आकाराचा प्रश्न सुटला असता, माणसांचा सुटला नसता. तिसरा पर्याय मी मांडला होता, तो असा की फक्त दादांची बाटली आणि इव्हन विल्यम्स समोरासमोर ठेवाव्यात. ताईंनी तो ऐकताक्षणी बाजूला सारला. "म्हणजे परत त्यांचीच परीक्षा," त्या म्हणाल्या. त्यांचे बरोबर होते. चौथा पर्याय सगळी रचना नव्याने करण्याचा होता, आणि तो घ्यायचा असेल तर आधी दादांना विचारायचे, त्यांची हरकत असेल तर काहीच करायचे नाही, असे ठरले. दादा तयार झाले. त्यांनी एकच अट घातली: निकाल नावाने वाचायचा नाही, कोणाचाच.

यात सर्वांत जास्त वेळ मद्यार्काच्या प्रमाणाने खाल्ला. ५० टक्क्यांचे आणि ४५ टक्क्यांचे मद्य शेजारी ठेवले तर तीव्र पेला लगेच ओळखू येतो, आणि पहिल्या एक-दोन पेल्यांत तो भारदस्त वाटतो, तर पुढे नकोसा. व्हिस्कीच्या धंद्यात मिश्रण ठरवणारे लोक वास घेण्यासाठी नमुने पाणी घालून २० टक्क्यांपर्यंत खाली आणतात, ते याचसाठी. आम्हीही सर्व ४५ वर आणावेत, असे माझे मत होते. दादांचे म्हणणे असे की बाटलीत किती पाणी घालायचे हा गाळणाऱ्याचा निर्णय असतो, तो आपण बदलला तर आपण त्याचे मद्य तपासतच नाही. दोघांचेही म्हणणे योग्य होते, कारण प्रश्न दोन होते. मुरलेल्या मद्यात फरक आहे का, हा एक प्रश्न. आणि आपण विकत घेतो त्या बाटलीत फरक आहे का, हा दुसरा. भिशीचा प्रश्न दुसरा होता. तरीही आम्ही पहिला निवडला, कारण जिभेची आग सारखी केल्याशिवाय बाकीचे काहीच कळणार नाही असे मला वाटत होते. या निवडीकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

तयारी

आदल्या दिवशी ताईंनी प्रयोगशाळेतल्यासारखी मापाची नळी घेऊन प्रत्येक मद्य ४५ टक्क्यांवर आणले. ५० टक्क्यांच्या १०० मिलिलिटरमध्ये ११ मिलिलिटर पाणी, ५०.५ टक्क्यांच्या १०० मध्ये १२, दादांच्या बाटलीला तीन-चार मिलिलिटर पुरले. मेकर्स मार्क मुळातच ४५ चे असल्याने त्यात पाणी घालावे लागले नाही. सगळे रात्रभर सारख्या लहान बाटल्यांत बंद करून ठेवले. बफेलो ट्रेस वगळले होते, कारण सहावी जागा ताईंना हवी होती. पाच बाटल्यांपैकी कोणती तरी एक दोनदा ठेवायची आणि ती कोणती हे एकट्या त्यांनाच माहीत असेल, अशी त्यांची कल्पना होती. मित्रांना फसवणे बरे नव्हे, म्हणून "एखादे मद्य दोनदा असू शकते" असे सर्वांना आधी सांगायचे ठरले.

पेल्यांना तीन आकडी क्रमांक दिले: ४१७, ८६२, २३५, ५९०, ७४८, ३६१. एक ते सहा आकडे दिले की मन आपोआप एकला चांगला मानते. चव घेणारे सहा आणि नमुने सहा हा योग चांगला जुळला, कारण अशा वेळी सहा क्रम असे मांडता येतात की प्रत्येक नमुना प्रत्येक स्थानावर एकदाच येतो आणि प्रत्येक नमुना दुसऱ्या प्रत्येकाच्या लगेच मागून बरोबर एकदाच येतो. पहिल्या घोटाचा फायदा आणि शेवटच्या घोटाचे नुकसान त्यामुळे सर्व मद्यांत सारखे वाटले जाते.

मद्याचा रंग लपवायला स्टीलचे पेले घ्यावेत असे एकाने सुचवले. घरोघरी ते आहेतच. पण उभ्या कडांच्या रुंद पेल्यात वास साचत नाही, म्हणून तळाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळते असे ग्लेनकेर्न ग्लास आणून त्यांना अॅल्युमिनियमचा कागद गुंडाळला. स्टीलचे पेले वेगळ्या कामी आले. घोट तोंडात फिरवून टाकून देण्याची रीत जाणकारांत आहे, पण दुसऱ्याच्या बैठकीत बसून थुंकायचे हे आमच्यातल्या कोणाच्याच अंगवळणी पडलेले नव्हते. दादाच म्हणाले, "आमच्या आजोबांची पिकदाणी होती की पितळेची, त्यात कोणाला कमीपणा वाटत नव्हता." मग प्रत्येकापुढे झाकणाचा एक स्टीलचा डबा आला आणि संकोच गेला. प्रत्येक ग्लासात दहाच मिलिलिटर ओतायचे ठरले. सर्व गिळले तरी सहा ग्लासांत २१ ग्रॅम मद्यार्क, म्हणजे दीड पेय.

खायला फक्त बिनमिठाचे कुरमुरे आणि साधे पाणी. त्या दिवशी दुपारनंतर फोडणी घातली नाही, उदबत्ती सकाळीच लावून झाली.

आणखी एक गोष्ट केली, तिचे श्रेय आमच्यातल्या एका वहिनींना आहे. पहिल्या वेळी चवींची इंग्रजी यादी छापून दिली होती. तीत मेपल सिरप, टॉफी, चेरी असे शब्द होते आणि लोक त्यांतले दोन-तीन शब्द कुठल्याही पेल्यापुढे लिहीत होते. वहिनींनी यादी फाडून टाकली आणि टेबलाच्या मध्यभागी वाट्या मांडल्या: काकवी, किसलेले जायफळ, दालचिनी, लवंग, सुक्या खोबऱ्याचा तुकडा, खारीक, भाजलेल्या कणसाचे दाणे. यांतल्या बऱ्याच गोष्टींना आधार आहे. ओकचे लाकूड जाळले की त्यातल्या लिग्निनमधून व्हॅनिलाचा वास देणारे व्हॅनिलिन तयार होते. ओकमधले लॅक्टोन खोबऱ्यासारखा वास देतात. आणि लवंगेला तिचा वास देणारे युजेनॉल ओकमध्येही असते. टॉफीचे नाव अडखळत लिहिणारी माणसे सुके खोबरे मात्र डोळे मिटून ओळखत होती.

दुसरी संध्याकाळ

ताईंनी गॅरेजमध्ये ग्लास भरले, तिथून त्यांच्या मुलाने ते ट्रेमधून आणून कागदावरच्या क्रमाने मांडले, आणि ग्लासांत काय आहे हे त्यालाही माहीत नव्हते. प्रत्येकाला चिठ्ठी उचलून एक अक्षर मिळाले. कागदावर नावाऐवजी ते अक्षर लिहायचे, आणि कागद घडी करून डब्यात टाकायचा. पाऊण तास कोणी बोलायचे नाही.

ही शांतता मला आजही आठवते. घड्याळाचा आवाज येत होता, कोणी खोबऱ्याचा तुकडा नाकाशी नेत होते, मग ग्लास, मग परत तुकडा. दादा चष्मा काढून बसले होते. एका कागदावर ८६२ पुढे "आजीच्या फडताळातला वास" असे लिहिलेले नंतर सापडले, आणि दुसऱ्या एकावर त्याच ग्लासापुढे "जुने कपाट, जायफळ." दोघांनी एकमेकांशी शब्दही न बोलता एकच लाकूड ओळखले होते.

ताईंनी सर्व कागद आतल्या खोलीत नेऊन संगणकावर उतरवले, मूळ कागद पाकिटात बंद केले आणि फक्त बेरजा बाहेर आणल्या. पहिल्या क्रमाला एक गुण, सहाव्याला सहा, म्हणजे कमी बेरीज चांगली. ८६२ ला १४, ४१७ ला १८, २३५ ला २०, ५९० ला २२, आणि ७४८ व ३६१ यांना प्रत्येकी २६.

त्यानंतर त्यांनी सांगितले की ४१७ आणि ७४८ हे एकच मद्य होते. दादांच्या बाटलीतले.

निष्पत्ती

खोलीत थोडा वेळ कोणी काही बोलले नाही. एकाच बाटलीतल्या मद्याला आम्ही सहा जणांनी एकदा दुसऱ्या आणि एकदा शेवटच्या स्थानावर बसवले होते. दोन बेरजांमध्ये आठ गुणांचे अंतर पडले, आणि ग्लासांत अंतर मुळीच नव्हते. याचा सरळ अर्थ असा की या सारणीत आठ किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाला काहीही किंमत नाही. ताईंनी पुढे हेही सांगितले की सहा जण आणि सहा नमुने असतील तर क्रमांच्या बेरजांमध्ये साधारण १३ गुणांचे अंतर असल्याशिवाय, संख्याशास्त्राच्या नेहमीच्या कसोटीने, दोन मद्यांत फरक आढळला असे म्हणता येत नाही. आमच्या पहिल्या आणि शेवटच्या ग्लासात अंतर १२ चे होते. ८६२ म्हणजे फोर रोझेस सिंगल बॅरल होते एवढे सांगतो. बाकीच्या क्रमांपुढे नावे देत नाही, कारण त्या क्रमांना अर्थ नाही हेच तर आम्हाला त्या दिवशी कळले.

जुळ्या ग्लासांना लागोपाठचे क्रम किती जणांनी दिले, हेही ताईंनी फक्त संख्येने सांगितले: दोघांनी. ते दोघे कोण, हे कोणी विचारले नाही.

बाटल्या घेऊ नयेत असा प्रस्ताव दादांनीच मांडला. त्यांचे शब्द असे: "माझी बाटली वाईट नाही. पण १६० आणि २० मधला फरक मला डोळे मिटून सांगता येत नसेल, तर तो फरक रजयांवर खर्च करू." त्या ऑगस्टमध्ये भिशीतून चार विद्यार्थ्यांचे सामान घेतले गेले. दादा पुन्हा दर महिन्याच्या शनिवारी येऊ लागले आणि त्यांची बाटली आम्ही पुढच्या हिवाळ्यात सर्वांनी मिळून संपवली, उघडपणे, नावासकट, आवडीने.

सर्व काही सुरळीत झाले असे मात्र नाही. फोटो काढणाऱ्या मित्राने दादांची क्षमा मागितली आणि फोटो काढूनही टाकला, पण तोवर तो नातलगांच्या फोनांवर पोचला होता, आणि दादांच्या पुण्याच्या मेहुण्यांनी दिवाळीच्या फोनवर त्याचा उल्लेख केलाच. या मित्राला दुसऱ्या संध्याकाळची रीत रुक्ष वाटली. तो आता जेवायला येतो, टेस्टिंगला बसत नाही. त्याचेही म्हणणे मला समजते. मित्रांनी एकत्र बसून पाऊण तास गप्प राहणे ही काही सर्वांना मानवणारी गोष्ट नाही, आणि बर्बन केंटकीत गप्पांसाठीच पितात.

वेगळे काय करता आले असते

पहिली गोष्ट मद्यार्काची. सर्व नमुने ४५ टक्क्यांवर आणून आम्ही जो प्रश्न सोडवला, तो भिशीपुढचा प्रश्न नव्हता. दादांच्या हरकतीला मी तेव्हा पुरेसे वजन दिले नाही. बाटलीतल्या मूळ तीव्रतेची दुसरी बैठक वेगळ्या दिवशी घ्यायला हवी होती, आणि ती झाली असती तर बॉटल्ड इन बाँडला त्याच्या ५० टक्क्यांचा फायदा किंवा तोटा काय होतो हेही समजले असते.

दुसरी गोष्ट हस्ताक्षराची. नावाऐवजी अक्षरे दिली खरी, पण वर्षानुवर्षे एकत्र असलेल्या माणसांना एकमेकांचे वळण माहीत असते. "आजीच्या फडताळातला वास" ही ओळ मी ताईंच्या परवानगीने नंतर पाहिली, तेव्हा ती कोणाची हे मला 'ज' च्या काढणीवरूनच कळले. कागद पाहायची गरज मला नव्हती. ताईंनी ते त्याच रात्री नष्ट करावेत असे आधीच ठरवायला हवे होते.

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे सहा नमुन्यांची स्पर्धा मांडण्याआधीच एक लहान चाचणी करता आली असती, जिला त्रिकोण चाचणी म्हणतात. प्रत्येकाला तीन ग्लास द्यायचे, त्यांतल्या दोहोंत एकच मद्य, तिसऱ्यात वेगळे, आणि विचारायचे एवढेच की वेगळा ग्लास कोणता. कोणते आवडले हे विचारायचेच नाही, त्यामुळे कोणाच्या आवडीनिवडीवर बोट ठेवले जात नाही. नुसता अंदाज केला तरी तिघांत एक बरोबर येतो. सहा जणांपैकी चौघे किंवा अधिक जण केवळ नशिबाने बरोबर येण्याची शक्यता दहा टक्के असते, पाच किंवा अधिक जण येण्याची दोन टक्क्यांहूनही कमी. म्हणजे पाच जणांना वेगळा ग्लास ओळखता आला असता तरच पुढे क्रम लावण्यात अर्थ होता. तीन ग्लासांत तीस मिलिलिटर, वीस मिनिटांचे काम.

ही चाचणी आम्ही येत्या मार्चच्या शनिवारी करणार आहोत, गहू वापरलेले एक बर्बन आणि राय वापरलेले एक घेऊन. ग्लास ताई भरतील. बाटल्या कोणाच्याही घरातल्या नसतील, भिशीतून नव्या आणायच्या, असे दादांनी सुचवले आहे.